ग्राफिक डिझाइनचा पोर्टफोलिओ: देवनागरीपासून सुरुवात करावी

ग्राफिक डिझाइन शिकायचे ठरवलेल्या विद्यार्थ्याने कागदाला हात लावण्याआधी, आपण ज्या प्रवेशाच्या मागे आहोत त्यात पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामांचा संच, पाहिला जातो का, आणि पाहिला जात असेल तर कोणत्या टप्प्यावर, हे नीट समजून घ्यावे. महाराष्ट्रात बारावीनंतर राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून उपयोजित कलेच्या बी.एफ.ए. अभ्यासक्रमाला जे प्रवेश होतात, त्यात संकल्पचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान यांची परीक्षा असते. तेथे पोर्टफोलिओ मागत नाहीत. आयआयटीच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी असलेल्या यूसीड परीक्षेतही प्रवेश गुणानुक्रमेच होतो. पोर्टफोलिओ खऱ्या अर्थाने निर्णायक ठरतो तो पदव्युत्तर पातळीवर, म्हणजे मुंबईच्या आयआयटीतील १९६९ साली सुरू झालेले आयडीसी किंवा १९६१ साली अहमदाबादेत स्थापन झालेली राष्ट्रीय डिझाइन संस्था यांच्या एम.डेस.च्या मुलाखतीत. बऱ्याच खासगी डिझाइन संस्था बारावीनंतरच्या प्रवेशालाही तो पाहतात आणि परदेशातील कलाविद्यालयांत तर पहिली चाळणीच त्याच्यावर होते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन पदवीच्या प्रवेशासाठी १२ ते २० कामे मागते. प्रत्येक संस्थेचे माहितीपत्रक दरवर्षी नव्याने निघते आणि त्यात पानांची संख्या, फाइलचा आकार, मुदत या गोष्टी बदलतात. म्हणून मागच्या वर्षी प्रवेश मिळालेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये, चालू वर्षाचे पत्रक स्वतः वाचावे आणि त्यातील अटी एका कागदावर उतरवून टेबलासमोर लावाव्यात.

या लेखात मी प्रामुख्याने दृश्यसंवादाच्या, म्हणजे व्हिज्युअल कम्युनिकेशनच्या, अभ्यासक्रमासाठी अर्ज करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा विचार केला आहे. तो उपयोजित कलेचा पदवीधर असेल, किंवा अभियांत्रिकी, वाणिज्य अशा दुसऱ्या शाखेतून आलेला असेल. दोघांनाही पुढील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या पोर्टफोलिओत रोमन अक्षरांतले काल्पनिक कॅफेचे बोधचिन्ह, त्या बोधचिन्हाचे तयार मॉकअपमध्ये, म्हणजे वस्तूंच्या नमुना-चित्रांत, बसवलेले कप, पिशव्या आणि टी-शर्ट, दोन-तीन चित्रपटांची नव्याने केलेली पोस्टर्स आणि छायाचित्रावरून काढलेली पेन्सिलची व्यक्तिचित्रे हाच मजकूर पुन्हा पुन्हा दिसतो. हे काम वाईट असते असे नाही, पण त्यातून विद्यार्थी कोण आहे, तो काय पाहतो आणि पाहिलेल्याचे काय करतो, हे कळत नाही. याउलट ज्या लिपीत आपण पहिलीपासून वाचलो, ज्या लिपीतले फलक, पत्रिका, पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या आणि दिवाळी अंक रोज आपल्या हातात येतात, त्या लिपीत केलेल्या एखाद्या प्रकल्पात सांगण्यासारखे खूप असते. आणि ते सांगणे दुसऱ्या कोणाला उसने घेता येत नाही. म्हणून पोर्टफोलिओत निदान एक मोठा प्रकल्प देवनागरीचा असावा आणि तो मुळापासून केलेला असावा, असा माझा आग्रह आहे.

एक प्रकल्प जवळून

उदाहरणादाखल एसटी स्थानकावरील वेळापत्रकाचा फलक घ्यावा. तालुक्याच्या गावी असा फलक हमखास असतो. त्यावर गावाचे नाव, मार्गे, सुटण्याची वेळ असे रकाने असतात, काही ओळी खोडून वर नव्या वेळा लिहिलेल्या असतात, आणि फलक समोर असूनही प्रवासी चौकशीच्या खिडकीशी जाऊन गाडी विचारतात. तसे का होते, या प्रश्नापासून प्रकल्प सुरू होतो. संगणक उघडण्याची गरज या टप्प्यावर अजिबात नाही.

प्रथम स्थानकावर जाऊन बसावे. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीनंतर अशा वेगवेगळ्या वेळी जावे, कारण फलकावरचा उजेड तिन्ही वेळी वेगळा असतो. चौकशीच्या खिडकीवर लोक नेमके काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत टिपावे. प्रवासी बहुधा आपल्या गावाला आता कुठली गाडी आहे आणि ती कोणत्या फलाटाला लागते, एवढेच विचारतो. फलकावरच्या ओळी मात्र वेळेच्या क्रमाने लावलेल्या असतील, तर आपले गाव शोधायला त्याला सगळा फलक वरून खाली वाचावा लागतो. आणि ज्याचे गाव शेवटच्या थांब्याच्या अलीकडे आहे, त्याला तर ते ‘मार्गे’च्या बारीक अक्षरांतच सापडते. म्हणजे अडचण निव्वळ अक्षरांच्या सुबकपणाची नाही, माहितीच्या क्रमाची आहे. हे निरीक्षण विद्यार्थ्याचे स्वतःचे असेल, तर मुलाखतीत त्यावर कितीही प्रश्न आले तरी तो गडबडणार नाही.

दुसरे काम अक्षरांचे. देवनागरीतल्या काही जोड्या दुरून एकसारख्या दिसतात: भ आणि म, ध आणि घ, थ आणि य. यांच्यातला फरक मुख्यतः शिरोरेषेच्या डाव्या टोकापाशी असतो. ‘म’ची शिरोरेषा सलग असते, ‘भ’ची तुटलेली असते, तो लहानसा खंड रंगाने भरला किंवा अक्षर फारच ठसठशीत झाले, की भोर आणि मोर यांत फरक राहत नाही. धाराशिव जिल्ह्यातील भूम या गावाच्या नावात तर ही दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी येतात, त्यामुळे चाचणीसाठी याहून चांगला शब्द शोधून सापडणार नाही. धुळे, घोटी, धारूर, घोडेगाव, महाड अशी खरी गावे घेऊन तक्ता तयार करावा. ती नावे २०, ३०, ४० आणि ५० मिलिमीटर उंचीत, बारीक, मध्यम आणि ठळक अशा तीन वजनांत छापून घ्यावीत, भिंतीवर लावावीत आणि ५, १० व १५ मीटरवर खडूच्या खुणा करून वेगवेगळ्या वयाच्या माणसांना ती वाचायला सांगावीत. घरातील आजी-आजोबांना यात आवर्जून घ्यावे. कोणी काय चुकीचे वाचले याची नोंद तक्त्यात करावी. ठळक अक्षर दुरून जास्त चांगले वाचता येते, हा आपला समज अनेकदा येथेच डळमळतो, कारण वजन वाढले की अक्षरांच्या आतली पोकळी बुजते.

अंकांकडेही असेच पाहावे. देवनागरीत १ आणि ९ दुरून सहज गोंधळात टाकतात, आणि ५, ८, ९ यांची महाराष्ट्रातील वळणे उत्तरेकडील वळणांपेक्षा वेगळी आहेत; हाताशी असलेल्या फॉण्टमध्ये कोणती वळणे आहेत ते तपासावे. वेळ १७.३० अशी लिहावी की सायंकाळी ५.३० अशी, हा प्रश्न स्थानकावरील दहा-पंधरा जणांना विचारून पाहावा आणि मिळालेली उत्तरे पानावर मांडावीत.

यानंतर कच्ची रेखाटने. गावे दिशेनुसार गटात लावून पाहावीत, मार्गावरच्या थांब्यांना एका उभ्या रेषेवर बसवून पाहावे, फलाटाचा क्रमांक रंगाने दाखवून पाहावा. यातील जे प्रयत्न सोडून दिले, ते का सोडले याची एका ओळीत नोंद ठेवावी. रंगावर भिस्त ठेवणारी रचना सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली कोसळते, किंवा लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्या प्रवाशाला ती निरुपयोगी ठरते, अशा कारणाने टाकून दिलेले रेखाटन पोर्टफोलिओत दाखवण्याजोगेच असते. शेवटी निवडलेली रचना प्रत्यक्ष आकारात, फ्लेक्सवर किंवा जोडलेल्या कागदांवर छापून घ्यावी. स्थानकात काही लावायचे असेल तर आगार व्यवस्थापकांची रीतसर परवानगी घ्यावी; ती मिळाली नाही तर शेजारच्या एखाद्या भिंतीवर, घरमालकाला विचारून, तीच चाचणी करता येते. लोक तो फलक वाचत असतानाचे एक छायाचित्र हे तयार मॉकअपच्या दहा चित्रांपेक्षा अधिक सांगते. प्रवाशांचे चेहरे मात्र त्यांना विचारल्याशिवाय दाखवू नयेत.

एवढ्या कामाला सहा ते आठ पाने द्यावीत. पहिल्या पानावर जुना फलक आणि एका वाक्यात प्रश्न, पुढच्या पानावर निरीक्षणे, मग अक्षरांच्या चाचणीचा तक्ता, मग रेखाटने, मग अंतिम रचना आणि तिची मापे, शेवटी चाचणीचे छायाचित्र आणि त्यातून लक्षात आलेली उणीव. उणीव लिहायला विद्यार्थी कचरतात. पण फलकावरील वेळा दर काही महिन्यांनी बदलतात आणि आपल्या रचनेत त्या बदलण्याची सोय नाही, हे परीक्षकाच्या लक्षात येणारच असते. ते आपणच लिहून पुढे काय करता येईल हे सुचवले, तर चर्चा तेथून सुरू होते.

फलकच घ्यायला हवा असे नाही. मंडईतले भावफलक, पाण्याच्या बिलाचा नमुना, प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसीकरणाचे कार्ड, ग्रामपंचायतीच्या कर आकारणीची पावती, आजोळच्या गावातील जत्रेचा कार्यक्रम, गोव्यातील एखाद्या गावातील मराठी व कोंकणी मजकुराच्या, देवनागरी आणि रोमन अशा मिश्र अक्षरांतल्या पाट्या, हे सगळे विषय असेच खोलवर नेता येतात. विषय निवडताना एकच कसोटी लावावी: तेथे आपल्याला पुन्हा पुन्हा जाता येईल का. जेथे एकदाच जाऊन दहा छायाचित्रे काढून परत यावे लागते, तो विषय कितीही आकर्षक वाटला तरी घेऊ नये.

अक्षरांचा अभ्यास आणि संगणकावरची पथ्ये

देवनागरीत काम करायचे तर आधी हाताने अक्षरे काढावीत. बोरू किंवा तिरप्या टोकाची सपाट लेखणी घेऊन रोज अर्धा तास मुळाक्षरे गिरवली, तर शिरोरेषा कोठे जड होते, काना कोठे सैल पडतो आणि ‘क्ष’च्या पोटात किती जागा लागते हे बोटांना कळू लागते. सुलेखन सुंदर व्हावे हा यातला हेतू नाही. फॉण्ट निवडताना डोळा तयार असावा, हा आहे. आपल्याकडे या विषयात पाहण्यासारखे भरपूर आहे. १८६९ साली मुंबईत सुरू झालेल्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तके जुन्या वाचनालयांत आजही मिळतात. त्यांतील खिळ्यांची ठेवण भिंगाखाली पाहावी. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षके पाहावीत, म्हणजे नाटकाचा स्वभाव नावाच्या अक्षरांत कसा उतरतो हे समजते. आयडीसीत शिकवणारे र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फॉण्ट विंडोज संगणकांतून घरोघरी पोचला. आणि मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्त हा फॉण्ट विनामूल्य उपलब्ध आहे. मंगल आणि मुक्त यांत एकच परिच्छेद लावून शेजारी ठेवला, तरी पडद्यासाठीचे अक्षर कसे बदलत गेले याची कल्पना येते. यांपैकी कोणाचीही नक्कल पोर्टफोलिओत घालू नये. अभ्यास म्हणून काही काढले असेल तर ते स्केचबुकात राहू द्यावे आणि विचारल्यास दाखवावे.

संगणकावर मजकूर लावताना पुढील काही गोष्टींत मराठी विद्यार्थ्यांचे काम हटकून फसते, म्हणून त्या जरा विस्ताराने सांगतो.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. छापखान्यांत अजूनही जुन्या पद्धतीचे फॉण्ट वापरले जातात, पण त्यांत केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसू शकतात. युनिकोड मजकूर इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना वर्ल्ड-रेडी कम्पोझर हा पर्याय निवडलेला आहे ना हे पाहावे. तो नसेल तर पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे फुटतात. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्येही मजकुराच्या प्रेफरन्सेसमध्ये भारतीय लिपींचा पर्याय असतो, तो सुरू करून घ्यावा. ज्यांना ही सॉफ्टवेअर परवडत नाहीत त्यांनी इंकस्केप आणि स्क्रायबस वापरावेत. ती विनामूल्य आहेत आणि चोरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरपेक्षा केव्हाही बरी. परीक्षकांना काम पाहायचे असते, ते कशात केले याला दुय्यम महत्त्व असते.

मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच असली तरी काही अक्षरांची वळणे भिन्न आहेत. ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांत हे सर्वांत ठळकपणे दिसते, आणि महाराष्ट्र शासनाच्या वर्णमालेच्या आदेशातही पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचाच पुरस्कार केलेला आहे. चांगल्या फॉण्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की योग्य वळण आपोआप येते. पण हे निवडायचे राहून गेले तर संपूर्ण मराठी पुस्तक हिंदी वळणात छापले जाते आणि ज्याने ते केले त्याच्या लक्षातही येत नाही. फॉण्ट ठरवण्याआधी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द टाइप करून पाहावेत. दोन्ही नीट उमटले नाहीत, तर तो फॉण्ट मराठीसाठी बाजूला ठेवावा.

ओळींमधले अंतर रोमनपेक्षा सढळ ठेवावे, कारण शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार येतात आणि खाली उकार, ऋकार. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतरापासून सुरुवात करून डोळ्याने कमी-जास्त करावे. ओळी दोन्ही बाजूंनी सरळ करण्याचा मोह टाळावा. मराठीतले लांब शब्द अरुंद रकान्यात आले की मधल्या जागा फाकतात. देवनागरी अक्षरांमध्ये अंतर टाकून शीर्षक पसरट करू नये, त्याने शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते. आणि ज्या संस्थेने रोमन व देवनागरी अशी दोन्ही अक्षरे शेजारी लावायला सांगितली असतील तेथे दोन्हींचा आकडा सारखा ठेवून चालत नाही. बहुतेक वेळा देवनागरी थोडी मोठी घ्यावी लागते, तेव्हा ती डोळ्याला रोमनच्या बरोबरीची वाटते.

शुद्धलेखन हा स्वतंत्र विषय नाही, तो कामाचाच भाग आहे. पोस्टरवरील चार शब्दांत एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक असेल, तर ते पोस्टर अपुरे आहे. मराठीच्या चांगल्या शिक्षकांना सगळी पाने एकदा दाखवावीत.

निवड, क्रम आणि मांडणी

एका मोठ्या प्रकल्पाबरोबर आणखी तीन ते पाच कामे पुरतात. संस्थेने संख्या दिली असेल तर ती पाळावी, कमाल मर्यादा गाठलीच पाहिजे असे मानू नये. कामांत विविधता असावी, पण ती खऱ्या आवडीतून आलेली असावी: एखादे मुखपृष्ठ, एखादी चित्रमालिका, छायाचित्रांचा एखादा संच, हाताने बांधलेली छोटी पुस्तिका, किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी केलेली सूचनाचित्रे. अभियांत्रिकीतून आलेल्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे चित्रे कमी आहेत याची काळजी वाटते. पण एखाद्या यंत्राचे काम समजावून सांगणारी स्वच्छ आकृती हे ग्राफिक डिझाइनच आहे आणि ते त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी केलेली स्थिरचित्रे, संकल्पचित्रे घालावीत का, असे अनेकजण विचारतात. बारावीनंतरच्या अर्जात त्यांतील एखादे खरोखर उत्तम असेल तर घालावे. पदव्युत्तर अर्जात घालू नये. त्याऐवजी प्रत्यक्ष पाहून काढलेली रेखाटने द्यावीत: बाजारात बसलेली माणसे, लोकलमध्ये झोपलेला प्रवासी, स्वयंपाकघरातील ओटा, सायकलची साखळी. फोटोवरून चौकोन आखून हुबेहूब उतरवलेल्या चेहऱ्यापेक्षा, उभ्याने पाच मिनिटांत काढलेल्या भाजीवालीच्या रेखाटनात पाहणे जास्त असते, आणि जाणकार परीक्षकाच्या ते नजरेतून सुटत नाही.

सर्वांत सकस काम पहिले ठेवावे आणि त्याखालोखालचे शेवटी. मधले काम कमकुवत वाटत असेल तर ते काढून टाकावे. ते झाकण्यासाठी जागा शोधू नये. गटात केलेल्या कामात आपला वाटा किती आणि कोणता, हे स्पष्ट लिहावे. अक्षरे मित्राने काढली आणि मांडणी आपण केली असेल तर तसेच लिहावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनातून काढलेली प्रतिमा वापरली असेल तर कोठे आणि कशासाठी, ते नमूद करावे आणि संस्थेचा त्याबाबत काय नियम आहे तो आधी वाचावा. माझ्या मते प्रवेशाच्या पोर्टफोलिओत अशा प्रतिमांना जागा देऊ नये, कारण तेथे विद्यार्थ्याचा हात आणि निर्णय पाहायचे असतात.

पाने आडवी, ए-४ आकाराच्या प्रमाणात, म्हणजे २९७ बाय २१० मिलिमीटर, धरावीत. ती पडद्यावरही पूर्ण दिसतात आणि छापूनही नेता येतात. एका पानावर एक मुद्दा. समास, रकाने आणि मथळ्यांची जागा सगळ्या पानांवर एकच असावी, पार्श्वभूमी पांढरी असावी, सजावटीच्या चौकटी नसाव्यात. ज्याला मांडणी शिकायची आहे त्याच्या पोर्टफोलिओची मांडणी हाच एक नमुना म्हणून पाहिला जातो. प्रत्येक प्रकल्पाला वर्ष, माध्यम, मूळ आकार आणि दोन-तीन वाक्यांची माहिती द्यावी. ही माहिती संस्थेच्या भाषेत, बहुधा इंग्रजीत, लिहावी लागते. तेथे मोठाले शब्द न वापरता साधी, छोटी वाक्ये करावीत. देवनागरी कामाखाली मजकुराचा अर्थ आणि उच्चार द्यावा, कारण मुलाखत घेणाऱ्यांपैकी एखाद्याला मराठी येत नसेल, आणि परदेशी संस्थेत तर कोणालाच लिपी वाचता येणार नाही. तेथे अर्ज करताना देवनागरी काम वगळण्याकडे अनेकांचा कल असतो. ते वगळू नये. भ आणि म यांच्या शिरोरेषेतला खंड बाणाने दाखवला, तर लिपी न येणाऱ्यालाही अडचण आणि तिच्यावरचा उपाय, दोन्ही कळतात.

मूळ चित्रांची छायाचित्रे घेताना घाई करू नये. सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी चित्र सपाट ठेवावे, कॅमेरा त्याला समांतर धरावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि कागदाचा पांढरा रंग पानावरही पांढराच दिसेल इतपत दुरुस्ती करावी. पेन्सिलची रेखाटने शक्यतो स्कॅन करावीत. छपाईसाठी ३०० पीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलच्या, प्रतिमा ठेवाव्यात आणि अर्जासोबत चढवण्याच्या पीडीएफसाठी १५० पीपीआयची वेगळी प्रत काढावी. पीडीएफमध्ये फॉण्ट अंतर्भूत झाले आहेत ना, हे फाइलच्या गुणधर्मांत पाहावे आणि ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर, तसेच एखाद्या साध्या मोबाइलवर उघडून प्रत्येक पान तपासावे. फाइलच्या नावात आपले नाव आणि अर्जक्रमांक असावा.

वेळेचे गणित आणि मुलाखत

आयआयटीच्या एम.डेस.साठी असलेली सीड परीक्षा साधारण जानेवारीत होते आणि मुलाखती त्यानंतरच्या काही महिन्यांत. पोर्टफोलिओ परीक्षेनंतर करू, असा विचार करणाऱ्याच्या हाती निकालापर्यंतचे मोजके आठवडे उरतात आणि तेवढ्यात फलकासारखा प्रकल्प होत नाही. म्हणून मोठ्या प्रकल्पाचे निरीक्षण पावसाळ्यात सुरू करावे, दिवाळीपर्यंत रचना आणि चाचणी संपवावी, परीक्षेच्या आधीचे दोन महिने अभ्यासाला मोकळे ठेवावेत आणि पानांची मांडणी परीक्षेनंतर करावी. परदेशी संस्थांच्या मुदती बऱ्याचदा डिसेंबर-जानेवारीत संपतात. त्यांच्यासाठी हे सगळे काही महिने अलीकडे आणावे लागते.

मधल्या काळात काम तिघांना दाखवावे: या क्षेत्रातील एका जाणकाराला, सध्या त्या संस्थेत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला आणि डिझाइनशी संबंध नसलेल्या एका माणसाला. त्यांना आपण काही समजावून सांगू नये. पाने हातात द्यावीत आणि कोणत्या पानावर ते थांबतात, कोणते पान उलटून पुन्हा मागे जातात, एवढेच पाहावे. जे पान समजावून सांगावे लागते ते दुरुस्त करावे.

मुलाखतीला छापील पोर्टफोलिओ, पेन ड्राइव्हमध्ये त्याची पीडीएफ आणि मूळ स्केचबुके न्यावीत. छपाई मॅट कागदावर करावी, कारण चकचकीत कागदावर खोलीतील दिवे उमटतात. पाने सपाट उघडतील अशी बांधणी निवडावी. एखादी पुस्तिका हाताने बांधली असेल तर तिचे छायाचित्र पोर्टफोलिओत असले तरी मूळ वस्तूही बरोबर ठेवावी. कागदाचा पोत आणि शिवण हातात घेतल्यावरच कळते. स्केचबुकातली खाडाखोड, हिशेब, चहाचे डाग तसेच राहू द्यावेत; मुलाखतीसाठी नवे, स्वच्छ स्केचबुक भरून काढू नये.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने प्रत्येक प्रकल्पाबद्दलची पहिली दोन वाक्ये इंग्रजीत मोठ्याने बोलून तयार करावीत: अडचण काय होती आणि ती कोणाची होती. ही दोन वाक्ये नीट आली की पुढचे बोलणे पानांच्या आधाराने होते. हे अक्षर का निवडले, हा रंग का टाकला, वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने का लिहिली नाही, हा फलक रंगवायला किती खर्च येईल, असे प्रश्न स्वतःलाच विचारून ठेवावेत. ज्याचे उत्तर ठाऊक नाही तेथे तसे सांगून, ते कसे शोधून काढता येईल हे सांगावे. मुलाखतीत एखादी सूचना मिळाली तर ती परत आल्यावर लगेच वहीत लिहावी. त्या वर्षी प्रवेश झाला नाही, तर पुढच्या अर्जासाठी याच नोंदींपासून कामाला लागता येते आणि तोच प्रकल्प वर्षभर पुढे नेता येतो.